उत्तरेच्या भिंतीतलं भोक

मेलेल्या माणसाचा कपडा उत्तरेकडे तोंड करून टांगायचा आणि एकोणपन्नास दिवस सुकू द्यायचा नाही. रोज त्यावर पाणी घालायचं. तो सुकला की तिकडे वाटेवर असलेल्या माणसाच्या घशाला कोरड पडते. आमच्या गल्लीत हे आता कोणी करत नाही. समोरच्या मोरिताबाईने नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशीच त्याचे कपडे पालिकेच्या कचऱ्याच्या पिशवीत भरले, आणि वर मला सांगते, "हल्ली असंच असतं हो." असेल. माझ्या घरात नाही.

माझा कोहेई अठरा नोव्हेंबरला गेला. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होता. सकाळी कामावर चढला, दहा वाजता दम लागला म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याचा निळ्या चौकड्यांचा जाड सदरा मी घरामागे, न्हाणीघराच्या भिंतीजवळ वळचणीखाली बांबूला टांगला. रोज सकाळी भात लावला की बादली आणि लांब दांड्याची पळी घेऊन मागे जायचं आणि तीन पळ्या पाणी घालायचं. डिसेंबर लागला तसा एखाद्या सकाळी सदरा गोठलेला असायचा. बाह्या पसरून ताठ उभा, वारा आला की फळीसारखा भिंतीवर वाजायचा. तेव्हा मी कोमट पाणी घालायची. गार पाणी घाला असं कुठे लिहिलंय? आणि लिहिलं असेल तर मी ते वाचलेलं नाही. शाळेत मी चार वर्षं गेले, त्यातली दोन मासळी उलथण्यात गेली.

सदरा ओला ठेवायला आमच्याकडे हिवाळ्यात फार कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते बाकीचे कपडे सुकवायला. नोव्हेंबरात समुद्रावर गडगडायला लागलं की बुरी मासे खाडीत येतात आणि सूर्य निघून जातो, तो मार्चला परततो. मधल्या दिवसांत पाऊस, बर्फ, बर्फाचा चिखल. धुणं घरातच. बसायच्या खोलीत मी खिळ्यांना आडव्यातिडव्या चार दोऱ्या बांधलेल्या असतात. सुनेच्या कामावरचे गुलाबी डगले, नातीचे मोजे, चादरी, सगळं डोक्यावर लोंबतं. माणसाने वाकून चालायचं. तीन दिवसांनी हात लावला तरी शिवण ओलीच लागते, आणि नाकाला कुबट वास. मी या घरात चोपन्न वर्षं असेच कपडे वाळवले. कोहेई असल्याच कपड्यांत वाढला.

पण नात खोकते. वाकाना आठ वर्षांची आहे. झोपली की छातीतून शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणाला, घरात ओल आहे, बुरशी आहे, कपडे आत वाळवू नका. मग काय छपरावर वाळवू? पण हे मी घरी आल्यावर म्हणाले. डॉक्टरांसमोर मी मान हलवली होती.

तर सून चिहारूने गॅसवर चालणारा ड्रायर घ्यायचं ठरवलं. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी नागासे मोजायला आला. वीस वर्षं आमच्याकडे गॅसच्या टाक्या बदलतो तो. न्हाणीघरात धुण्याच्या मशीनपाशी मी उभी होते.

"आजी, जरा सरकता का? मोजायचंय."

"मोज की. माझं माप घ्यायला अजून वेळ आहे."

तो हसला, मग घरात दुखवटा आहे हे आठवून त्याने तोंड मिटलं. चिहारू हातात माहितीचं पुस्तक घेऊन दारात उभी होती. कुठला कसा, हे तो तिला सांगत होता. विजेचा घ्याल तर एका खेपेला तीन तास घेईल, आणि कपडे कोमट, दमट. गॅसचा तासात मोकळं करतो. फक्त आतली दमट हवा बाहेर सोडायला नळी लागते, आणि नळीला भिंतीत भोक, चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढं. मशीनच्या वर लोखंडी घोडा, घोड्यावर ड्रायर.

"तिघांना पाच किलोचा बरा," तो म्हणाला. "बहुतेक घरांत तोच लागतो."

"तीनचा," चिहारू म्हणाली.

"लहान मूल आहे घरात. चादरी, अंथरुणाच्या खोळी. तीनमध्ये एक खोळ घातली की संपलं."

"तीनचाच लिहा, नागासेसान."

"लिही बाबा लिही," मी म्हणाले. "हिच्या माहेरी डोंगरात धुणं म्हणजे दोन मोजे आणि एक रुमाल. त्या मापाने घेतेय."

चिहारूने पुस्तक मिटलं. ती अशीच आहे. काही बोललं की पान मिटते. बारा वर्षांत मला उलट बोलली नाही, आणि तेच मला टोचायचं. माझ्या सासूला मी रोज उलट बोलायची, म्हणून ती जाताना माझा हात धरून गेली.

न्हाणीघराची बाहेरची भिंत एकच, उत्तरेची. नागासे ती बघायला घरामागे गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा टोपी हातात होती.

"बाहेर टांगलंय ते... कोहेईसानचं?"

"त्याचंच."

"माझी आजी करायची. कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं मी." मग तो टोपीकडे बघत म्हणाला, "नळीचं तोंड त्याच्यापासून हातभरावर येतंय. त्यातून गरम वारा येणार. एकोणपन्नास होऊ द्यायचे का, आजी? मी जानेवारीत येतो. काही अडत नाही."

"बघ. परक्या माणसाला कळतं," मी म्हणाले.

"नाही," चिहारू म्हणाली. "या वर्षात बसवायला हवा."

"बावीस तारखेनंतर मला जमायचं नाही."

"बावीसला या."

त्याची गाडी वळेपर्यंत मी थांबले. मग तोंड सोडलं. नवऱ्याला जाऊन महिना नाही झाला आणि त्याच्या अंगावर गरम वारा सोडायला निघालीस, एवढी कसली घाई, चोपन्न वर्षं मी धुणं काय दातांनी वाळवलं का, असं सगळं. दोऱ्यांवरच्या ओल्या चादरींच्या मध्ये आम्ही दोघी उभ्या होतो, तिचं तोंडही मला नीट दिसत नव्हतं.

"आई, जरा बसा."

"उभीच बरी आहे."

"एकोणपन्नासावा पाच जानेवारीला आहे. सहाला मी आणि वाकाना मात्सुमोतोला जातोय. माझ्या आईकडे."

"किती दिवस?"

"कायमचं. तिथल्या वृद्धाश्रमात मला काम मिळालंय. वाकानाचं नाव तिकडच्या शाळेत घातलंय. तिकडे हवा कोरडी आहे, ऊन असतं. तिला बरं पडेल."

मी चादर बाजूला सारली. ती रडत वगैरे नव्हती.

"मग हा ड्रायर कोणाला?"

"तुम्हाला. तुमच्या बोटांनी आता ओली चादर पिळवत नाही, उचलवत नाही. मी बघते ना. याला बटण एकच आहे, दाबलं की झालं. म्हणून मला तो जायच्या आधी लागलेला हवाय." मग म्हणाली, "उन्हाळ्यात मी आणि हे दुकानात जाऊन बघून आलो होतो. तेव्हा पाचचा ठरला होता."

तीन किलो. म्हणजे माझं एकटीचं धुणं. दोन झगे, पायमोजे, एक चादर. तिने मला मनातल्या मनात तोलून ठेवलं होतं आणि मी तिला माहेरच्या मोज्यांवरून बोलत होते.

"बरं आहे," मी म्हणाले. "लोकांना सांगायला होईल, सासूला यंत्र देऊन गेलो."

"लोकांचं तुम्हालाच पडलेलं असतं, आई," ती म्हणाली आणि नातीला उठवायला गेली. आत शिट्टी वाजतच होती.

ते दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. आमच्या घरात "राहा" असं कोणी कोणाला म्हटलेलं नाही. पुरुष समुद्रावर जायचे, आम्ही "जाऊन ये" म्हणायचो. अडवायचं नाही, अडवलं की अपशकुन. मला ती रीतच ठाऊक नाही. पण डोकं आहे. ही का चाललीय? पोर खोकते म्हणून. पोर का खोकते? घरात ओल आहे म्हणून. ओल काढली तर जायचं कारण काय उरलं? तिसऱ्या दिवशी, ती कामावर गेल्यावर, मी नागासेला फोन केला.

"मोठा आण."

"कसला मोठा, आजी?"

"ड्रायर. तिनाचा नको, पाचचा आण."

"सूनबाईंनी..."

"घर कोणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या," तो म्हणाला.

"पाचच्या वर असतो का?"

"आठचा असतो. पण तो लावला तर तुम्हाला न्हाणीघरात जाता येणार नाही."

"मग पाचचाच आण. आणि सुनेला फोन करू नकोस. तिला कामात त्रास नको."

बावीस तारखेला, हिवाळ्यातल्या सगळ्यात छोट्या दिवशी, तो आला. मी रितीप्रमाणे भोपळा शिजत घातला होता. चिहारू कामावर, वाकाना शाळेत. सोबत त्याने एक अबोल माणूस आणला होता, यंत्र घोड्यावर चढवून तो निघून गेला. मग नागासेने भिंतीवर पेन्सिलीने गोल काढला आणि यंत्र लावून भोक पाडायला घेतलं. आधी चुन्याची भुकटी आली, मग लाकडाचा भुसा, मग बाहेरच्या पत्र्याचा कर्कश आवाज, आणि एकदम उजेड. मी वाकून बघितलं. त्या गोलात निळ्या चौकड्या दिसत होत्या. मी बघत असतानाच त्याने नळी आत सरकवली आणि चौकड्या गेल्या.

गॅसची नळी जोडली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं, दोनदा बघितलं. मग म्हणाला, "बाहेरचं तोंड मी खाली वळवून ठेवलंय. पण समोर काही टांगायचं नाही, आजी, कायमचंच. आणि सूनबाईंनी सांगून ठेवलंय, पाच तारीख होईपर्यंत पेटवायचं नाही. आज नुसती चाचणी, तीही सदरा बाजूला धरून."

"तिने सांगितलं?"

"त्याच दिवशी. बाहेर गाडीपाशी येऊन."

माझ्या तोंडाला भिऊन सांगितलं असेल, असं मला वाटलं. ती स्वतः त्या सदऱ्याकडे कधी बघायची नाही. सकाळी मी बादली घेऊन मागे जायची तेव्हा ती नातीचा डबा भरत असायची, मान वर करायची नाही.

"पेटव," मी म्हणाले. "आणि पेटलेलाच ठेव."

"आजी..."

"माझा मुलगा आहे. त्याचं मी बघेन."

नागासेने टोपी घातली, कपड्यांचे तंतू अडकतात ती जाळी कशी काढायची ते दाखवलं आणि चहा न घेता गेला.

मी मागे गेले. वळचणीखाली वाफ येत होती आणि सदऱ्याच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. तो दुसरीकडे कुठे टांगणार? पूर्वेला गल्ली, दक्षिणेला रस्ता, पश्चिमेला मागचं दार. आणि घरात ओला ठेवला तर ओल काढायची म्हणजे काय झालं? मी त्याला सांगितलं, कोहेई, समजून घे. तुझी पोर खोकतेय. चौदा दिवस थोडी तहान काढ. लहानपणीही तुला पाणी प्यायची आठवण करून द्यायला लागायची. मग सदरा उतरवला. अर्धवट ओला कोपऱ्यात टाकणं मला जमत नाही. पहिल्या खेपेला टॉवेल घातले, दुसऱ्या खेपेला चादरी, तिसऱ्या खेपेला नातीच्या कपड्यांबरोबर तो घातला. काचेतून बघितलं, निळी बाही दोनदा वर आली, मग दिसेनाशी झाली. सुकल्यावर घडी केली आणि देवघरातल्या बुद्धासमोर, कोहेईच्या फोटोखाली ठेवला.

मग चारही दोऱ्या सोडल्या. खिळे तेवढे राहिले. खोली एवढी मोठी आहे हे मी विसरले होते. दारातून थेट बुद्धापर्यंत दिसत होतं.

तीन वाजता वाकाना आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"आजी, आपलं घर कुठं गेलं?"

"हेच आहे. पाय पूस."

तिने गरम टॉवेलांच्या ढिगात तोंड खुपसलं. "पावासारखा वास येतोय," म्हणाली. तिथेच आडवी झाली, आणि शाळेत कोणाचा कोणाशी अबोला आहे ते सांगता सांगता झोपली. मी शेजारी बसून ऐकत राहिले. शिट्टी वाजली नाही. एकदा खोकली, पण ती झोपेत लाळ अडकून. तो खोकला मी धरला नाही.

पाच वाजता चिहारू आली. अंधारलं होतं. ती न्हाणीघरात हात धुवायला गेली आणि तिथूनच तिचा आवाज आला.

"हा पाचचा आहे."

"तिघांना तीन किलोत काय होणार?" मी म्हणाले.

ती बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिली. मग मोकळ्या खिळ्यांकडे, मग झोपलेल्या पोरीकडे. तिचे डोळे भरून आले, मी पाहिलं. मला वाटलं, झालं. कळलं हिला. मी भोपळा गरम करायला ठेवला.

तिने ओट्याखालची पळी घेतली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. रोज कामावरून आली की ती पाच मिनिटं मागे जायची. रॉकेलची टाकी बघायला जाते, किंवा रडायला जाते, असं मी धरून चालले होते. पळी नेते हे आज दिसलं, कारण मध्ये चादरी नव्हत्या.

ती परत आली तेव्हा पळी पाण्याने भरलेली होती. तिने ती तशीच धरली होती.

"सदरा कुठंय, आई?"

"बुद्धासमोर. घडी करून ठेवलाय."

"सुकवला?"

"तुला काय त्याचं? तू तर एक दिवस..."

"मी रोज संध्याकाळी घालते," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी घालता, वाऱ्याने दुपारपर्यंत उडून जातं. वरचे खांदे कोरडे पडतात. म्हणून मी आल्यावर घालते."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही म्हणाला असतात, तुला नीट घालता येत नाही."

म्हणाले असते. अगदी हेच म्हणाले असते.

ती फोटोपाशी गेली, सदरा उचलला, घडी उलगडून समोर धरला. जाड सुती सदरा गरम हवेत आकसला होता. बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या, जणू शाळेतल्या पोराचा. तिने तो स्वतःच्या अंगाशी लावून बघितला. तिलाही झाला असता.

"चौदा दिवस राहिले होते," ती म्हणाली.

"पोर आज खोकली नाही," मी म्हणाले.

"हो. दिसतंय मला."

"मग?"

एवढंच मला विचारता आलं. तिने पळीतलं पाणी मोरीत ओतलं.

"मी नुसत्या खोकल्यासाठी जात नाहीये, आई. या घरात कोणी काही विचारत नाही. मोठा ड्रायर आला ते मला हात धुवायला गेल्यावर कळलं. सदरा सुकला ते मागे जाऊन कळलं. यांनी छातीत दुखतंय हे तुम्हाला सांगितलं होतं, ते मला डॉक्टरकडून कळलं."

कोहेई मला म्हणाला होता. ऑक्टोबरात. मी म्हणाले होते, बर्फात काम करणाऱ्याची छाती दुखतेच, तुझ्या बापाचीही दुखायची, बायकोला सांगून घाबरवू नकोस.

आम्ही भोपळा खाल्ला. वाकानाने दोनदा मागून घेतला. चिहारू तिला वाढत होती, मलाही वाढलं. जेवण झाल्यावर तिने सदरा पुन्हा ओला केला आणि मागच्या दाराला, नळीपासून लांब, खिळ्याला अडकवला. तोंड उत्तरेकडे होईना, दार पश्चिमेला आहे. पाच तारखेपर्यंत ती सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा पाणी घालत होती. मी पळीला हात लावला नाही आणि ड्रायरही पेटवला नाही. दोऱ्या पुन्हा बांधल्या. नागासेला मी फोन करून काही सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

पाचला भिक्षू येऊन पाठ म्हणून गेला. सहाला सकाळी बारीक बर्फ पडत होता. टॅक्सी दाराशी लागली. दोन बॅगा आणि वाकानाचं दप्तर. सदरा चिहारूने स्वतःच्या पिशवीत घेतला होता, मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. वाकानाने माझ्या कमरेला मिठी मारली आणि सांगितलं की सुट्टीत येईन, टॉवेल गरम करून ठेव.

चिहारू बूट घालून उभी राहिली. वाकून नमस्कार केला, जेवढा करायचा तेवढाच, कमी नाही जास्त नाही.

"जाळी दर खेपेला साफ करायची असते," मी म्हणाले. "नागासे सांगून गेलाय."

"हो, आई. पुढचं झाकण ओढायचं, मग ती बाहेर येते."

"माहितीये मला."

ती थांबली होती. मला ते आता कळतं, तेव्हाही कळत होतं. छत्री उघडलेली, एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि माझ्याकडे बघत थांबली होती. माझ्या तोंडात तो शब्द आला होता. पण टॅक्सीवाला डिकीपाशी उभा होता, गावातलाच, बापापासून ओळखीचा. त्याच्यासमोर मी तो काढला नाही.

"उशीर होईल," मी म्हणाले. "रस्ता निसरडा आहे."